रानघोडा माणसाळतो कसा?

माथेरानला घोड्यावर बसलेल्या पोराला एक शंका हमखास येते. एवढं ताकदीचं जनावर, मनात आणलं तर एका दुगाणीत माणूस आडवा करील, मग ते आपलं ऐकतं तरी का? मोठी माणसं म्हणतात, सवयीचा आहे तो. उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. माथेरानच्या किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्याला जन्मल्या दिवसापासून माणसाचा हात लागलेला असतो. ही सवय कशी लागते ते त्याच्याकडे बघून कळत नाही, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत लागलेली नसते. त्यासाठी माणूस कधीच न पाहिलेला घोडा हवा आणि त्याला माणसाळवायला बसलेलं कोणीतरी हवं.

अमेरिकेत असे घोडे आहेत. त्यांना मस्टँग म्हणतात. त्यांना हाताळायला शिकवणाऱ्यांत चौदा-पंधरा वर्षांची मुलंमुलीही असतात. या प्रकरणात आपण अशाच एका मुलीच्या मागे उभं राहून बघणार आहोत. ती कोणी ठरावीक मुलगी नाही. ओरेगॉन राज्यातल्या एखाद्या शेतावर राहणारी, पंधरा वर्षांची, अशी आपण कल्पना करू. तिच्यासमोर वर्षाचं एक शिंगरू आहे.

१. मोकाट, पण मूळचा रानटी नव्हे

घोड्याचं कूळ घडलं ते उत्तर अमेरिकेतच. पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो त्या खंडातून नाहीसा झाला, आणि परत आला तो स्पॅनिश जहाजांतून. १४९३ साली कोलंबसाने दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर घोडे उतरवले. १५१९ साली कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला तेव्हा त्याच्याजवळ सोळा घोडे होते. त्याच्या सैन्यातल्या बर्नाल दियास या शिपायाने म्हातारपणी आठवणी लिहिल्या, त्यांत या घोड्यांचा रंग कोणता, मालक कोण, गुण काय, हे सगळं नोंदवलं आहे. माणसांची नावं विसरावीत आणि घोडे लक्षात राहावेत, इतकं त्यांचं मोल होतं.

पुढच्या दोन-तीन शतकांत वसाहतींमधून सुटलेले, चोरीला गेलेले, सौद्यात हात बदललेले घोडे उत्तरेकडे पसरले. तिथल्या मूळ रहिवासी जमातींनी ते आपलेसे केले. नंतर लष्कराचे आणि गुराख्यांचे घोडेही त्यांत मिसळले. आजचा मस्टँग हा असा अनेक रक्तांचा घोडा आहे. मोंटाना आणि वायोमिंगच्या सीमेवरच्या प्रायर डोंगरातल्या कळपासारख्या काही कळपांत जुना स्पॅनिश वारसा अजून ठळक दिसतो.

आपल्या प्रश्नासाठी यातली एकच गोष्ट धरून ठेवायची. मस्टँगचे पूर्वज पाळीव होते. माणसाशी जुळवून घेण्याची कुवत त्याच्या रक्तात आहे, पण त्याच्या स्वतःच्या आयुष्यात माणूस आलेला नाही. झेब्रा माणसाळवायला अनेकांनी जिवाचं रान केलं आणि बहुतेक सगळे हरले. मस्टँगच्या बाबतीत यश येतं याचं मूळ इथे आहे.

२. डोंगरातून दारात

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या घोड्यांना ट्रकने आणि विमानाने पिटाळून पकडत आणि कुत्र्या-मांजरांच्या खाद्याच्या कारखान्यांना विकत. नेवाडा राज्यातल्या व्हेल्मा जॉन्स्टन या कचेरीत नोकरी करणाऱ्या बाईने १९५० साली रस्त्यात अशाच एका ट्रकमधून रक्त ठिबकताना पाहिलं, आणि उरलेलं आयुष्य या घोड्यांसाठी घातलं. लोक तिला चेष्टेने ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ म्हणू लागले. तिने तेच नाव अभिमानाने मिरवलं. तिच्या मोहिमेतला मला सर्वांत भावलेला भाग म्हणजे शाळकरी मुलांची पत्रं. देशभरातल्या मुलांनी खासदारांना पत्रांचा पाऊस पाडला. १९५९ साली मोटारी वापरून या घोड्यांची शिकार करण्यावर बंदी आली आणि डिसेंबर १९७१ मध्ये त्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

आता पेच उलटा आहे. कळप दर वर्षी पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढतात. ही कुरणं सांभाळणाऱ्या ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या सरकारी खात्याच्या हिशेबाने जमिनीला सुमारे २५,५०० जनावरं झेपतात. मार्च २०२४ मध्ये त्याच खात्याचा अंदाज सुमारे ७३,५०० जनावरांचा होता. (यांत रानगाढवंही आली.) मग हेलिकॉप्टरने कळप हाकत आणतात. सापळ्याच्या तोंडाशी शिकवलेला एक घोडा सोडतात, तो आत धावतो आणि कळप त्याच्या मागे जातो. या पद्धतीवर तिथे कडाक्याचा वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. मादीला गर्भनिरोधक लस टोचण्याचा मार्ग हळू असला तरी मला अधिक माणुसकीचा वाटतो.

पकडलेल्या घोड्यांपैकी काही लोकांना सांभाळायला देतात. त्याआधी मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली, द्रव नायट्रोजनमध्ये गारठवलेल्या साच्याने खूण करतात. त्या थंडीने केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात, आणि तिथले केस पुढे पांढरे उगवतात. जन्मसाल आणि नोंदणी क्रमांक त्या खुणेत सांकेतिक चिन्हांत असतो. घोडा घेणारा अठरा वर्षांचा असावा लागतो, म्हणून आपल्या मुलीच्या कागदांवर सही तिच्या आई-वडिलांची आहे. न हाताळलेल्या मोठ्या घोड्यासाठी सहा फूट उंच कुंपण लागतं, जनावरामागे निदान चारशे चौरस फूट जागा लागते, आणि काटेरी तार अजिबात चालत नाही.

मुलांना शक्यतो वर्ष-दीड वर्षाचं शिंगरू देतात. ‘मस्टँग हेरिटेज फाउंडेशन’ ही संस्था आठ ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी स्पर्धा घेत आली आहे. त्यांतही असंच शिंगरू असतं आणि त्याच्यावर कोणी बसत नाही. त्याची हाडं अजून वजन पेलायला तयार नसतात. मुलांनी त्याला सोबत चालवायचं, अडथळ्यांवरून न्यायचं, गाडीत चढवायचं. घोडा शिकवणं म्हणजे त्याच्यावर स्वार होणं, अशी समजूत असेल तर ती इथेच सोडून द्यावी.

३. शिकार होणाऱ्याचे डोळे

शिंगरू गाडीतून उतरतं आणि कुंपणाच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहतं. बादलीतलं पाणी त्याला ओळखीचं नसतं. गाजर आणि सफरचंद तर खाण्याच्या वस्तू आहेत हेही त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे खाऊ दाखवून लळा लावण्याची आपली नेहमीची युक्ती पहिल्या दिवशी निकामी ठरते. त्याला कळतं फक्त गवत.

घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दोनच जागा सुटतात. एक शेपटीच्या थेट मागे, दुसरी कपाळासमोर आणि नाकाखाली. ज्याला घोड्याची माहिती नाही तो प्रेमाने नेमका तोंडासमोर हात नेतो. घोड्याच्या बाजूने पाहिलं तर तो हात जवळ येता येता दिसेनासा होतो. म्हणून जायचं ते खांद्याच्या दिशेने, तिरकं, त्याला दिसत राहील असं.

आपला चेहराही घोडा वाचतो. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यांना आधी एखाद्या माणसाचा रागावलेला किंवा हसरा फोटो दाखवला. काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्याने समोर आला. फोटोत रागावलेला दिसला होता त्याच्याकडे घोडे डाव्या डोळ्याने अधिक बघत होते, आणि धोक्याच्या गोष्टीकडे घोडे सहसा डाव्या डोळ्यानेच बघतात. त्या माणसाला फोटो कोणता दाखवला हे सांगितलेलंच नव्हतं, तेव्हा त्याच्या वागण्यातून काही कळण्याचा प्रश्नच नव्हता. घोड्यापाशी रागात कधीही जाऊ नये, असं झेनोफन या ग्रीक सेनानीने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी बजावून ठेवलं आहे. शाळेतून चिडून आलेल्या मुलीने त्या दिवशी कुंपणाबाहेर बसून अभ्यास करावा हे उत्तम.

४. पहिला धडा अंतराचा

प्रत्येक घोड्याभोवती एक न दिसणारी सीमा असते. तिच्याबाहेर तुम्ही असाल तर तो चरत राहतो. सीमेवर पाऊल पडलं की मान वर, कान ताठ. आत शिरलात की तो पळतो. नव्या मस्टँगच्या बाबतीत ही सीमा सगळं आवार व्यापून बाहेरही जाते.

पहिलं काम ही सीमा कुठे आहे ते ओळखण्याचं, ओलांडण्याचं नव्हे. आपली मुलगी आत जाते ती गवत घेऊन. गवत टाकते आणि बाजूला उभी राहते. शिंगराच्या डोळ्यांत रोखून बघत नाही, कारण रोखून बघतं ते शिकारी जनावर. मग ती एक-दोन पावलं पुढे होते. शिंगराचं चावणं थांबतं. ती तिथेच थांबते, आणि पुढची गोष्ट या सगळ्या विद्येचा गाभा आहे. शिंगराने मान वळवून तिच्याकडे पाहिलं की त्याच क्षणी ती एक पाऊल मागे सरते.

पाहणाऱ्याला वाटतं, पोरगी घाबरली. प्रत्यक्षात शिंगराने आज आयुष्यात पहिल्यांदा माणसाला मागे हटवलं आहे, आणि तेही न पळता, नुसतं बघून.

५. सुटका हाच मोबदला

इथे जरा थांबून शिकणं म्हणजे काय ते समजून घेऊ. तान्हं बाळ रडतं, आई उचलून घेते, रडणं थांबतं. दुसऱ्या दिवशी ते रडलं की आई अधिक लवकर उचलते. इथे शिकलं कोण? आई शिकली. रडण्याने तिला काही मिळालं नाही. मिळालं ते रडणं थांबल्यावर. नकोशी गोष्ट ज्या कृतीनंतर संपते ती कृती आपण पुन्हा करतो.

घोड्याच्या शिक्षणाचा फार मोठा भाग यावर चालतो. माणूस जवळ येणं, दोरीला ताण बसणं, बोटांनी बरगडी दाबली जाणं, हे सगळं घोड्याला किंचित नकोसं असतं. त्याने हवी ती हालचाल केली की दाब तत्क्षणी काढून घ्यायचा. दाब घोड्याला फक्त विचारतो. उत्तर बरोबर आलं हे त्याला कळतं ते दाब सुटल्यावर.

एक उदाहरण घेऊ. शिंगराला दोरीने पुढे चालायला शिकवायचं आहे. मुलीने दोरी हलकी ताणली. शिंगराने मान ताठ करून मागे जोर दिला. तिने ताण तेवढाच ठेवला, वाढवला नाही, सोडलाही नाही. शिंगरू इकडेतिकडे चुळबुळलं आणि वजन किंचित पुढच्या पायांवर आलं. पाऊल अजून उचललेलंही नाही, तरी तिने दोरी सैल सोडली. पुढच्या वेळी ते जरा लवकर झुकेल आणि मग पाऊल टाकेल. आता हेच उलट करून पाहा. शिंगराने मागे हिसका दिला आणि हात भाजेल म्हणून मुलीने नेमकी तेव्हाच दोरी सोडली. तेही शिंगरू शिकलंच, पण असं शिकलं की हिसका दिला की सुटका होते. कोणत्याही हेतूने सोडली असो, घोड्याच्या हिशेबात सोडण्याची वेळ तेवढी जमा होते.

म्हणून जाणकार या मुलांना सांगताना घोड्यापेक्षा त्यांच्या हातांबद्दल जास्त बोलतात. ओरेगॉनमध्ये वाढलेले टॉम आणि बिल हे डॉरन्स बंधू आणि त्यांच्या तालमीत तयार झालेला रे हंट यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही समज अमेरिकेच्या गुराख्यांत रुजवली. त्याआधीची रूढ रीत घोडा ‘मोडण्याची’ होती. फास टाकायचा, खांबाला आवळायचं, डोळे बांधून खोगीर चढवायचं आणि थकून थांबेपर्यंत वर बसून राहायचं. रीत झटपट होती. त्यातून स्वार मरत, घोडे लंगडे होत, आणि जे तयार होत ते बहुधा आयुष्यभर माणसाला भीत.

६. बांबूची काठी

पहिला स्पर्श हाताने करण्याची गरज नाही. मस्टँग हाताळणारे पुष्कळ लोक लांब बांबू वापरतात. मारण्यासाठी नव्हे, हाताची लांबी वाढवण्यासाठी. शिंगराने लाथ झाडली तर ती बांबूला बसते आणि मुलीला उडी मारून मागे सरावं लागत नाही. तिने दचकून मागे सरणं म्हणजे पुन्हा चुकीच्या वेळची सुटका.

बांबूचं टोक टेकवायचं ते पाठीच्या सुरुवातीला, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर. ही जागा उगाच निवडलेली नाही. कळपात दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांना दातांनी खाजवतात ते बहुतेक इथेच. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. अंगावर इतरत्र खाजवल्यावर तसं होत नाही.

बांबू टेकतो तेव्हा शिंगराची कातडी माशी बसल्यासारखी थरथरते. ते दोन पावलं सरकतं, बांबूही सोबत सरकतो, जोर न वाढवता. ते उभं राहिलं की बांबू उचलला जातो. पुन्हा टेकवायचा, हलकेच घासायचा, उचलायचा. केव्हातरी शिंगराचा वरचा ओठ लांबट होतो आणि आपल्याआप हलू लागतो. खाज बरोबर जागी भागली की घोडा असाच ओठ काढतो. ही खूण दिसल्यावर मुलगी बांबू हातात आखूड धरत जाते, वीतवीतभर. शेवटी बांबूच्या जागी तिची बोटं येतात, आणि बहुतेक वेळा शिंगरू त्या फरकाची फारशी दखल घेत नाही.

७. गप्प उभा म्हणजे शांत नव्हे

नवशिक्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते, म्हणून हा भाग नीट वाचावा. भीती घालवण्याचे दोन मार्ग वरवर सारखेच दिसतात. एकात भीतीची वस्तू थोडी थोडी, सोसेल इतकीच समोर आणतात. सवय होते आणि भीती विरते. दुसऱ्यात जनावराला पळता येऊ नये असं कोंडून ती वस्तू एकदम अंगावर आणतात आणि ते धडपड थांबवेपर्यंत हटवत नाहीत. दोन्हींत शेवटी घोडा स्थिर उभा दिसतो.

दुसऱ्या प्रकारात तो शांत झालेला नसतो, सुन्न झालेला असतो. पळून उपयोग नाही एवढंच त्याला पटलेलं असतं. असा घोडा एखाद्या दिवशी काहीही कारण नसताना उसळला असं लोक सांगतात. कारण असतं, फक्त कोणी बघितलेलं नसतं.

बघायचं काय? सुन्न घोड्याचा श्वास रोखलेला असतो, तोंड घट्ट मिटलेलं, नाकपुड्या आवळलेल्या, डोळ्याच्या वर सुरकुती, पापणी लवत नाही. शांत घोड्याची मान खाली येते, पापण्या लवतात, एक कान तुमच्याकडे आणि एक इकडेतिकडे फिरत असतो, एखादा मागचा पाय सैल पडतो, आणि मध्येच तो लांब फुरफुरतो. आपल्या मुलीने वहीत रोज काय केलं याची यादी लिहिण्यापेक्षा श्वास आणि कान लिहावेत. यादी झपाट्याने वाढते, पण त्यातून शिंगरू कसं आहे ते कळत नाही.

८. मोहरकी, पाय, ताडपत्री

स्पर्श जमला की पुढची कामं त्याच तत्त्वावर भराभर चालतात. मोहरकी आधी नुसती मानेला घासायची, मग नाकावरून सरकवून लगेच काढायची, आणि मगच बांधायची.

पाय उचलायला शिकवणं मात्र घाईने होत नाही, कारण पाय हेच त्याचं जिवंत राहण्याचं साधन. पाय दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे पळण्याचा हक्क देऊन टाकणं. तरी ते शिकवावंच लागतं. डोंगरात खडकांवर खूर आपोआप झिजतात, मऊ आवारात ते वाढतात आणि दर सहा-आठ आठवड्यांनी तासावे लागतात. मुलगी मऊ दोरी पायाभोवती घेऊन लांबूनच हलकी ओढते, पायावरचं वजन कमी झालं की सोडते. हात लावायची पाळी फार नंतर येते. या कामात डोक्यावर हेल्मेट आणि कुंपणाबाहेर एक जाणतं माणूस हवंच. वर्षाच्या शिंगराची लाथही हाड मोडू शकते.

जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवरून चालवणं स्पर्धेत बघायला गंमत वाटते, पण तिचा खरा उपयोग वेगळा आहे. पायाखाली काहीतरी विचित्र वाजलं की शिंगरू काय करतं? पळतं, की थांबून तिच्याकडे बघतं? दुसरं घडू लागलं की गाडीत चढवणं, ओढा ओलांडणं सोपं जातं. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी करून घ्यायची. डावीकडून ओळखीची झालेली ताडपत्री उजव्या डोळ्याला दिसली की बरेच घोडे नव्याने बुजतात.

ही कामं पोरांना जमतात याचं कारण, मला वाटतं, त्यांच्या दुबळेपणात आहे. धिप्पाड माणूस दोरी आवळून शिंगराला दोन मिनिटं रोखू शकतो, आणि रोखता येतं म्हणून रोखतो. पंधरा वर्षांच्या मुलीला तो मार्गच मोकळा नाही. तिला विचारावंच लागतं. शिवाय संध्याकाळी तास-दीड तास नुसतं कुंपणात बसून राहण्याएवढा वेळ तिच्याजवळ असतो.

९. एकाच माणसाचा घोडा

इतकं सगळं झाल्यावर एक दिवस वडील टोपी घालून आवारात येतात आणि शिंगरू पहिल्या दिवसासारखं कोपऱ्यात पळतं. मुलीला वाईट वाटतं, पण शिंगराने काहीच विसरलेलं नाही. ‘ही मुलगी धोकादायक नाही’ एवढंच ते शिकलं होतं. ‘माणसं धोकादायक नाहीत’ ही निराळी गोष्ट आहे, आणि ती एका माणसाकडून शिकता येत नाही. घोडा नेमकं शिकतो: हा माणूस, हा कोपरा, ही दोरी. त्यातून सर्वसाधारण नियम निघायला वेगवेगळे दाखले लागतात.

म्हणून शेवटच्या टप्प्यात मुलीला स्वतः मागे राहून इतरांना पुढे करावं लागतं. आधी आई, मग टोपीवाले वडील, मग दाढीवाला शेजारी, मग सायकलवरून येणारा धाकटा भाऊ. प्रत्येकाने लांबून सुरुवात करायची, बघितलं की मागे सरायचं. मालकी जपणाऱ्या मुलांना हे जड जातं. माझ्यापुरता हळवा असलेला घोडा सर्वांचा करायचा म्हणजे काहीतरी गमावल्यासारखं होतं. पण ती उद्या शिकायला गावाबाहेर गेली तर शिंगराला खायला कोण घालणार? खूर तासायला येणारा नालबंद तर दर वेळी तोच असेल असं नाही.

कायद्यालाही हेच हवं असतं. सरकारकडून नेलेला घोडा पहिलं वर्षभर सरकारचाच असतो. वर्ष संपलं की पशुवैद्य किंवा तसाच अधिकारी जनावर पाहतो, त्याची निगा नीट राखली आहे अशी सही देतो, आणि मग मालकीचा कागद मिळतो. तोवर शिंगरू दोन वर्षांचं झालेलं असतं. त्याच्या पाठीवर खोगीर चढवायला अजून वेळ आहे, पण पशुवैद्याला त्याच्या छातीला नळी लावून ठोके मोजता येतात.